सुपारीची वाडी आणि रणदिवेबाईंची प्रयोगशाळा

८ नोव्हेंबर २०२१ च्या सकाळी आपल्या १९७६ च्या एस.एस.सी. बॅचच्या ग्रुपवर कोणीतरी एक चित्र टाकले होते. गुगलच्या पहिल्या पानावर त्या दिवशी आलेले. सूक्ष्मदर्शकापाशी बसलेली एक बाई आणि नाव, डॉ. कमल रणदिवे. ‘ह्या कोण?’ असा प्रश्न आला. ‘रणदिवे म्हणजे आपल्या अलिबागकडच्या का?’ असेही एकाने विचारले. मी उत्तर दिले की बाई पुण्याच्या, कॅन्सरवर काम केले, आज त्यांचा जन्मदिवस. पुढच्या दहा मिनिटांत सुप्रभात आणि फुलांच्या चित्रांखाली ते उत्तर गेले. संमेलनाच्या स्मरणिकेसाठी समितीने लेख मागितला तेव्हा ठरवले की ते दोन ओळींचे उत्तर आता पुरे करायचे. मी मुंबईत तीसेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आणि पेशींचा धडा आला की दरवर्षी रणदिवेबाईंचे नाव घेतले. त्या मला कधी भेटल्या नाहीत. पण आपल्या गावाचा आणि त्यांचा जो संबंध आहे, तो वर्गात सांगायला मला नेहमी थोडे जड जात असे. तो पुढे येईलच.

कमल समर्थ यांचा जन्म १९१७ चा, पुण्यातला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलांइतकेच मुलींनीही शिकले पाहिजे हा त्यांच्या घरचा नियम, आणि कमल तर शाळेत हुशारच. शाळा हुजूरपागा. १८८४ साली सुरू झालेली ही मुलींची शाळा, तिच्यातून शिकून गेलेल्यांची यादी काढायची तर अशी एक स्मरणिका पुरायची नाही. तिथून फर्ग्युसन, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय, विशेष प्रावीण्यासह पदवी. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही केले नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात तिने एम.एस्सी.साठी जो विषय घेतला तो ऐकून आपल्याकडचे लोक हसतील: सीताफळाच्या कुळातील झाडांच्या पेशी आणि त्यांतली गुणसूत्रे. ही पदवी १९४३ ची. त्याआधी, १९३९ च्या मे महिन्यात, त्यांचे लग्न झाले ते जयसिंग त्र्यंबक रणदिवे या गणितज्ञाशी. पत्नीच्या पुढच्या शिक्षणात त्यांनी मनापासून मदत केली, असे त्यांच्याविषयी लिहिणारे सगळेच सांगतात. आपल्या आयांच्या पिढीत किती बायकांच्या वाट्याला हे आले, हे ज्याचे त्याने आठवावे.

लग्नानंतर मुंबई. तिथे १९४१ साली परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले होते. आपल्या किनाऱ्यावर कॅन्सर हा शब्द कोणी उच्चारत नसे. ‘त्याला टाटाला नेलाय’ एवढेच म्हणायचे, आवाज खाली करून, आणि ऐकणाऱ्याने पुढे काही विचारायचे नाही. रेवसहून लाँचने भाऊचा धक्का, तिथून परळ. लहानपणी मला टाटा म्हणजे एखादे गाव आहे असे वाटायचे, जिथे गेलेली माणसे बहुधा बारीक होऊन परत येतात.

या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतात. पुढे १९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. मला त्यांच्याविषयी जो आदर वाटतो तो एका वेगळ्या गोष्टीसाठी. कॅन्सर का होतो हे शोधताना या माणसाने आधी लोक कसे राहतात ते पाहिले. धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षे जिथे घासते, नेमक्या त्याच जागी उठणारा त्वचेचा कर्करोग त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ साली नोंदवला. काश्मिरात लोक थंडीसाठी पोटाशी विस्तवाची कांगडी धरतात, त्यांना पोटाच्या कातडीचा कर्करोग होतो, त्याचाही अभ्यास त्यांच्या संस्थेत झाला. तंबाखू, चुना, पान, विडी, चिलीम. इंग्रजी पुस्तकांत ज्यांची नावेही नव्हती त्या सवयींची त्यांनी गांभीर्याने दखल घेतली. कमल रणदिवे यांना हा गुरू मिळाला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. झाली.

विषय होता स्तनाचा कर्करोग, आणि तो अभ्यासायचा उंदरांवर. हे थोडे समजावून सांगते, कारण इथे खरी गंमत आहे. १९३६ साली अमेरिकेत बिटनर नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवले होते की काही उंदरांच्या जातींत हा कर्करोग पिढ्यान् पिढ्या होत राहतो, पण त्या जातीची पिल्ले जन्मतःच दुसऱ्या, निरोगी जातीच्या मादीच्या अंगावर पाजली तर पुष्कळ पिल्ले वाचतात. म्हणजे आईच्या दुधातून काहीतरी जात होते. ते काहीतरी पुढे विषाणू निघाले. रणदिवेबाईंनी वेगवेगळ्या जातींचे उंदीर घेऊन या तीन धाग्यांचा गुंता तपासला: वंशाने आलेले काय, दुधातून आलेला विषाणू काय करतो आणि मादीच्या शरीरातील हार्मोन त्यात केव्हा आणि कसे भर घालतात. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध मांडणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांची गणना होते, आणि हार्मोन व विषाणू यांच्या परस्परसंबंधावरचे त्यांचे काम आजही सांगितले जाते. उंदरात जे दिसते ते बाईमाणसात तसेच्या तसे नसते, हेही खरे. पण एक रोग आणि एक कारण एवढ्यावर थांबायचे नाही, ही सवय त्यांना इथे लागली असावी असे मला वाटते.

खानोलकरांनी मग त्यांना अमेरिकेला जायला सांगितले. बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. (उच्चार खरोखर ‘गाय’ असाच आहे. माझ्या वर्गात या नावाला दरवर्षी खसखस पिकायची.) गाय यांचे वेड एकच, माणसाच्या शरीरातील पेशी शरीराबाहेर, काचेच्या नळीत जिवंत ठेवायच्या आणि वाढवायच्या. याला टिश्यू कल्चर म्हणतात, मराठी पुस्तकांत ऊतिसंवर्धन. ऐकायला सोपे आहे. विरजण लावायचे तसे. पण दुधात दह्याचे जंतू आपोआप वाढतात आणि माणसाची पेशी मात्र अत्यंत नाजूक. तिला ३७ अंश उष्णता हवी, नेमके अन्न हवे, क्षार हवेत, आणि एकही बाहेरचा जंतू आत शिरता कामा नये. शिरला की रात्रीत सगळी नळी गढूळ. गाय यांनी त्यासाठी एक फिरता पिंप केला होता. नळ्या त्यात आडव्या खोचायच्या आणि पिंप संथपणे फिरत ठेवायचा, म्हणजे पेशी क्षणभर रसात बुडतात, क्षणभर हवेत येतात. वर्गात हे चित्र फळ्यावर काढताना मला आपल्या वाडीतला रहाट आठवायचा. तसाच संथ, तसाच न थांबणारा. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातल्या पेशी वाढू लागल्या आणि आजतागायत वाढत आहेत. बाई त्याच वर्षी गेल्या. तिच्या पेशी घेताना तिला कोणी विचारले नव्हते, हेही त्या इतिहासाचा भाग आहे आणि मुलांना ते सांगितलेच पाहिजे असे माझे मत आहे.

शिकून रणदिवेबाई मुंबईला परत आल्या. हे वाक्य लिहायला सोपे. त्या काळात तिथे राहणे अधिक सोपे होते. पुढे आयुष्यभर त्या परदेशी गेलेल्या तरुण शास्त्रज्ञांना परत या म्हणून सांगत राहिल्या, आणि त्यांना तसे सांगायचा अधिकार होता. १९५२ साली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले होते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी म्हणत. तिथे त्यांनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभारली, भारतातली ती पहिली मानली जाते. पेशींचे अन्न आणि त्याला लागणारी रसायने इथेच तयार करण्याचे कामही त्यांच्या चमूने केले. जीवशास्त्राची आणि रसायनशास्त्राची तरुण मुले-मुली त्यांनी गोळा केली. पेशीविज्ञान, कर्करोगजनन आणि प्रतिकारशास्त्र या शाखा त्या संस्थेत त्यांच्यामुळे रुजल्या. १९६६ ते १९७० या काळात संस्थेच्या प्रभारी संचालकही त्याच होत्या. त्याच सुमारास संस्था आणि हॉस्पिटल एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले होते.

आता कुष्ठरोगाचे काम. त्याच्याशी आपल्या जिल्ह्याचा धागा जुळतो. पनवेलजवळ नेऱ्याचे शांतिवन तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आपण लहान असताना महारोग म्हटले की लोक रस्ता बदलत. या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, पण तो बाहेर वाढवणे कोणालाच जमले नव्हते. जंतू वाढवता येत नसेल तर त्यावर लस कशी करणार? रणदिवेबाई, डॉ. बापट आणि खानोलकर यांनी विचार असा केला की हा जंतू माणसाच्या मज्जातंतूंत घर करतो, तर त्याला तसेच घर काचेत देऊन पाहावे. मानवी गर्भाच्या मज्जापेशी वाढवून त्यांत त्यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतले जंतू सोडले आणि १९५८ साली एक जंतू हाती आला. त्याला संस्थेच्या नावावरून आयसीआरसी बॅसिलस म्हणतात.

तो खरोखर कुष्ठरोगाचाच जंतू आहे का यावर शास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाला. पुढे अभ्यासकांनी त्याला जवळच्या एका वेगळ्या गटात बसवले. मूळ जंतू आजही काचेत वाढत नाही. पण या नातेवाईक जंतूने काम मात्र केले. १९७९ साली डॉ. म. ग. देव आणि सहकाऱ्यांनी त्याच्यापासून लस केली. १९९१ पासून तामिळनाडूत चेंगलपट्टू भागात एक मोठी चाचणी झाली, तिच्यात १ लाख ७१ हजारांवर माणसे होती. १९९८ साली निकाल आला तेव्हा या लसीने ६५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिल्याचे दिसले. तुलनेला ठेवलेल्या चार लशींत हा आकडा सर्वांत वरचा होता. तोवर अनेक औषधे एकत्र देण्याच्या उपचाराने कुष्ठरोग झपाट्याने हटू लागला होता, त्यामुळे लशीचे दिवस फारसे आलेच नाहीत. नाव गाजायचे राहिले, पण रोग पुष्कळ कमी झाला. संशोधकाला यात दुःख मानायचे की आनंद, मला सांगता येणार नाही. १९८२ साली बाईंना पद्मभूषण मिळाले.

आता जे सांगायचे म्हणून हा लेख लिहायला घेतला तिकडे येते.

मित्रमैत्रिणींनो, आपण पोफळींच्या सावलीत वाढलो. श्रीवर्धनचा रोठा म्हटला की मुंबईच्या बाजारात भाव मिळतो, हे आपण पाढ्यांच्या आधी शिकलो. शाळेच्या मागच्या वाडीत पोफळीवर चढलेला माणूस खाली न उतरता झोका घेऊन एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर जायचा आणि आपण गणिताचा तास सोडून खिडकीतून ते बघायचो. बाईंनी (आपल्या, शाळेतल्या) एकदा त्यावरूनच लंबकाचा धडा शिकवला होता. अंगणात वाळत घातलेली सुपारी, सोलायला बसलेल्या बायका, तबकातला अडकित्ता. कित्येकांच्या फिया सुपारीच्या पैशांतून भरल्या गेल्या, माझी तर नक्कीच. लग्न ठरले की सुपारी फुटते, गणपतीसुद्धा सुपारीचा मांडतात. या फळाविषयी कोणी वाईट बोलले तर आपल्याला ते लागते.

आपण एस.एस.सी. झालो त्याच १९७६ साली, जिल्हा अजून कुलाबा होता तेव्हा, रणदिवेबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषय: सुपारी आणि तंबाखू यांची कर्करोग निर्माण करण्याची क्षमता. १९६३ सालीच त्यांनी, डॉ. गोठोस्कर आणि खानोलकर यांनी भारतात विशेष आढळणाऱ्या कर्करोगांवर प्रयोगांची पहिली मांडणी केली होती. १९७९ साली विडा चघळण्यावर आणखी एक निबंध आला. प्रयोग हॅम्स्टरवर होते. हॅम्स्टर हा उंदरासारखाच प्राणी, पण त्याच्या दोन्ही गालांत पिशव्या असतात आणि तो दाणे त्यांत भरून ठेवतो. आपल्याकडे रात्री झोपताना गालात सुपारीचे खांड धरून झोपणारी म्हातारी माणसे होती. त्यांच्या गालात काय चालले असेल ते बघायचे तर याच्याइतका योग्य प्राणी नाही. कोणाला सुचले असेल ते!

त्या काळी समज असा होता की विड्यात दोष असेल तर तो तंबाखूचा. पान निर्दोष, चुना निर्दोष, सुपारी तर पूजेतली. या प्रयोगांनी प्रत्येक घटक सुटा केला आणि मग जोड्या करून पाहिल्या. सुपारीवरचा संशय तिथून वाढत गेला. इतर देशांतही काम झाले. सुपारीत अॅरेकोलिन नावाचे द्रव्य असते. ते तोंडाच्या आतल्या कातडीखालच्या पेशींना चिवट धागे जास्त तयार करायला लावते. ते धागे साठत जातात, गाल दोरीसारखा ताठ होतो आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. तिखट लागले की आग, जांभई देता येत नाही, मग घास मोठा घेता येत नाही. अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका बराच वाढतो. २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सगळा पुरावा एकत्र ठेवून निर्णय दिला, तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच माणसात कर्करोग करते. तंबाखू ज्या वर्गात आहे त्याच पहिल्या वर्गात तिला घातले. दोन वर्षांपूर्वी, ११ एप्रिल २००१ ला, रणदिवेबाई गेल्या होत्या.

वर्गात सांगायला जड जायचे ते हे. माझ्या शिक्षणाला पैसा पुरवणारे फळ मी फळ्यावर कर्करोगाच्या यादीत लिहीत होते.

काही जण म्हणतील, आपले आजोबा ऐंशी वर्षे जगले, रोज विडा खात. माझेही. विड्याची सुपारी दिवसाकाठी किती, आणि पुढे जे पुड्यांतून आले ते किती, यात मोठा फरक आहे. पानमसाला आणि गुटखा आले तसे शाळकरी पोरांच्या खिशात सुपारी गेली, स्वस्त, सुगंधी, तंबाखू घातलेली. राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली, तरी टपरीवर काय मिळते ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या वर्गातला एक जण, लेझीमच्या पथकात पहिल्या रांगेत असायचा, त्याचे नाव इथे लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. पंचेचाळीसाव्या वर्षी त्याचे तोंड एका बोटापुरते उघडत होते. त्यालाही टाटालाच नेले. त्याच्या घरच्यांनी मला विचारले होते, ‘तू शिकवतेस ना हे, मग असं कशानं होतं?’ मी तंबाखूचे सांगितले आणि सुपारीचेही सांगितले. समोर अंगणात त्यांचीच सुपारी वाळत होती.

बायकांचे वेगळेच. मशेरी. भाजलेली तंबाखू सकाळी दातांना लावायची, मग दुपारी, मग काम संपल्यावर. दात घासायचे निमित्त. रणदिवेबाईंच्याच संस्थेत पुढे डॉ. सुमती भिडे आणि सहकाऱ्यांनी मशेरीवर प्रयोग केले आणि तीही कर्करोगकारक असल्याचे दाखवले. बाहेरच्या देशातल्या कोणत्या प्रयोगशाळेला आपल्या आजीच्या डबीत काय आहे याची चौकशी करावीशी वाटली असती? कांगडी, धोतर, विडा, मशेरी यांच्याकडे बघायला इथले डोळे लागतात. मला रणदिवेबाईंचे मोठेपण इथे दिसते. बाल्टिमोरहून शिकून आल्या, हात तिथले तंत्र शिकलेले, पण प्रश्न त्यांनी इथले घेतले.

आणखी एक काम सांगितले पाहिजे. १९७३ साली त्यांनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना सुरू केली. वाशीला तिची वास्तू आहे, नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईला संध्याकाळी पाच वाजता काय आठवते हे ज्यांना माहीत असते, त्याच लोकांना पाळणाघर सुचते. निवृत्तीनंतर या संघटनेमार्फत त्यांनी नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला, खेड्यातल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. सूक्ष्मदर्शकाखाली दोनशेवर शोधनिबंध होतील एवढे पाहून झाल्यावर ही बाई सत्तरीच्या सुमारास पाड्यांवर जाऊन पोरांचे वजन-उंची यांत लक्ष घालत होती. तिथेही प्रश्न तोच, लोक काय खातात.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्याकडच्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, काही वाड्यांत चार झाडे उभी राहिली नाहीत. पोफळ लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षे जातात. माझ्या धाकट्या भावाने त्या पावसातच नवी रोपे लावली. लावण्याआधी त्याने मला फोन केला होता, ‘ताई, पोफळच लावू ना? की दुसरं काही?’ मी म्हटले, जायफळ लाव, मिरी चढव, नारळ वाढव, मधे पोफळ राहू दे. त्याने ऐकून घेतले आणि निम्म्याहून जास्त पोफळच लावली. त्याचेही बरोबर आहे. जायफळाला गिऱ्हाईक कोण शोधणार, वाडीला पाणी आहे ते पोफळीच्या हिशोबाचे, आणि मुलीच्या शिक्षणाला पैसा हवा. जगाच्या बाजारात मागणी असताना एका वाडीने सुपारी सोडली म्हणून एकाही गालाचा ताठरपणा जाणार नाही. तरीही त्याने विचारले, याचे मला बरे वाटले. आमच्या वडिलांना हा प्रश्न पडायचे कारणच नव्हते.

ज्या प्रयोगशाळेतून हे सगळे निघाले ती आता कुठे आहे माहीत आहे? खारघरला. परळची ती कर्करोग संशोधन संस्था २००२ पासून तिथे आहे, अॅक्ट्रेक या नावाने. खारघर पनवेल तालुक्यात, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात. ज्या वाडीतली सुपारी बाईंनी तपासली असेल किंवा नसेल, त्या वाडीच्या जिल्ह्यात त्यांची संस्था येऊन बसली, हे पाहायला त्या नव्हत्या. पेशी तिथे अजूनही ३७ अंशांवर वाढत आहेत. आपल्या गावाहून आता लाँच नको, पनवेलची एसटी पुरते.

जाता जाता एक काम. हा लेख वाचून झाला की आपल्या उजव्या हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात मावतात का ते पाहा. मावली तर ठीक. दोनच मावली आणि सुपारीची सवय असेल, तर दातांच्या डॉक्टरकडे जा, लगेच जा, लाजू नका. हे मी सरांनाही सांगते आहे. सरांना उद्देशून असे बोलण्याचा प्रसंग पन्नास वर्षांनी आला, क्षमा असावी.

संमेलनात पंगतीनंतर पानाचे तबक फिरणार असे समितीच्या पत्रकात लिहिले आहे. आमच्याकडचा रोठा मीच घेऊन येणार आहे, भावाने बांधून ठेवला आहे, गावचा पाहुणचार कमी पडायला नको. माझ्या विड्यात मात्र गुलकंद आणि बडीशेप तेवढी घालावी.